कठड्यावरचं फडकं

माघ लागला त्या आठवड्यात, सोमवारी सकाळी, माझी पत्नी गेली. दुपारी घरामागच्या फाउंड्रीत क्रेन आली आणि क्रेनने धुराड्याच्या बुडाशी एक यंत्र बसवलं. ते होईपर्यंत शववाहिका गल्लीच्या तोंडाशी थांबली.

क्रेनचा चालक खाली उतरून, हेल्मेट हातात घेऊन आमच्या दाराकडे बघत उभा होता, असं समोरच्या काकूंनी मला नंतर सांगितलं. मला तो आठवत नाही. मला साखळ्यांचा आवाज आठवतो. कुणीतरी कानडीत ‘निधान, निधान’, म्हणजे सावकाश, सावकाश, असं ओरडत होतं. ते आमच्यासाठी नव्हतं. तरी तिला उचलून नेणाऱ्यांची पावलं त्या आवाजाबरोबर हळू झाली.

त्या दिवसापासून माझ्या मनात ही दोन कामं एकत्र बांधली गेली आहेत. तिचा श्वास थांबला त्याच दिवशी धूर गाळण्याची सोय झाली. लोक याला योगायोग म्हणाले. मी कॉलेजच्या ग्रंथालयात आयुष्य काढलं. पुस्तकाच्या पाठीवर छापलेलं नाव आणि आतली पानं एकच असतील असं न उघडता मानायचं नाही, ही तिथली सवय. योगायोग हा शब्द मी उघडून बघितल्याशिवाय घेत नाही.

आमचं घर बेळगावच्या कडेला, जिथे वस्ती संपून फाउंड्र्या सुरू होतात तिथे आहे. घर बांधलं तेव्हा मागे ज्वारीचं शेत होतं. फाउंड्री नंतर आली, घराच्या उगवतीला. तिथे लोखंड वितळवून पंपांचे आणि मोटारींचे भाग ओततात. भट्टीचा धूर कुठल्या दिवशी आमच्याकडे येणार आणि कुठल्या दिवशी नाही, हे आमच्या घरात फक्त तिला समजायचं.

आमच्या गावाला मुख्य वारे दोन. शिवरात्रीनंतर मावळतीचा सुरू होतो, खानापूरच्या बाजूने, घाटावरून. तो पावसाळाभर असतो आणि फाउंड्रीचा धूर आमच्यापासून पलीकडे घेऊन जातो. दिवाळीच्या आसपास तो पडतो आणि उगवतीचा सुरू होतो. पण खरा त्रास त्याचाही नसे. थंडीत काही सकाळी वारा अजिबात नसतो. रात्रभर जमीन गार होते, तिला लागून असलेली हवा गार आणि जड होते, आणि तिच्यावर उबदार हवेचा थर बसतो. मग धुराड्यातून निघालेला धूर थोडा वर जातो, छताला अडल्यासारखा थबकतो आणि आडवा पसरतो. ऊन चढेपर्यंत तो गल्लीत असतो. हे मी पुस्तकात वाचलं. ती दार उघडून एकदा वर बघायची आणि म्हणायची, "आज झाकण बसलंय."

कपडे वाळत घालण्याआधी ती गच्चीच्या कठड्यावरून एक पांढरं फडकं फिरवायची. माझ्या जुन्या धोतराचं. फडकं काळं झालं तर कपडे आत, बोळकंडीत. पांढरं राहिलं तर बाहेर. एकदा माझ्या सदऱ्यावर काजळीचा ठिपका पडला, तो मी ओल्या हाताने पुसायला गेलो. ती आतून ओरडली, "अहो, पाणी लावू नका! काजळी आधी झटकायची. ओली केली की धाग्यात बसते, मग जन्मभर निघायची नाही." मी तेव्हा हसलो होतो. धुणं हा माझा विषय नव्हता. आता आहे.

शेवटच्या थंडीत तिची छाती फार आवळायला लागली. डॉक्टरांनी औषधं वाढवली आणि म्हणाले, जमलं तर थंडीपुरतं इथून हलवा. तिच्या भावाचं घर सांबऱ्याला, मोकळ्या शेतात. जायचं ठरलं, तिची पिशवी भरली, आणि पौष लागला. ती म्हणाली, "पौषात घर सोडून जायचं नाही. माघ लागला की जाऊ." पिशवी कपाटाशी उभी राहिली.

दिवाळीपासून फाउंड्रीच्या अंगणात निळ्या ताडपत्रीखाली काहीतरी मोठं झाकून ठेवलेलं होतं. गच्चीवरून दिसायचं. ती म्हणायची, "एवढं काय झाकून ठेवलंय हो त्यांनी?" मी म्हणायचो, "असेल कसलीतरी मशीन."

तेराव्यानंतर फाउंड्रीचे मॅनेजर भेटायला आले. मूळचे कानडी, पण मराठी स्वच्छ. खुर्चीच्या कडेवर बसले, हात जोडले, वाईट झालं म्हणाले. आणि पुढच्याच वाक्यात म्हणाले, "आता हवेची काळजी नको सर. वरून हुकूम होता, आम्ही बॅग फिल्टर बसवलाय. आत कापडाच्या लांब पिशव्या असतात, धूर त्यातून गाळून वर जातो. वर जाते ती नुसती हवा."

"ते सतत चालू असतं?"

"भट्टी पेटली की तोही चालू. पंख्याचा आवाज येतो बघा."

आवाज येत होता. एकसारखी घूं घूं. सांत्वनाला आलेल्या माणसाने इतक्या लवकर आपल्या यंत्राकडे वळावं, हे मला खटकलं. जाताना त्यांनी चप्पल घालायला वेळ लावला. आणखी काही बोलायचं असावं, असं वाटलं. तेही मी लक्षात ठेवलं.

शिवरात्र झाली आणि गल्लीत सगळे म्हणू लागले, हवा सुधारली. खरंच सुधारली होती. पण शिवरात्रीनंतर ती दर वर्षीच सुधारायची. वारा फिरला होता. यंत्राने काय केलं आणि वाऱ्याने काय केलं, हे वेगळं कोण काढणार? मी हे काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "सर, बरं झालं ते बरं म्हणावं की."

माणूस गेल्याच्या वर्षी आमच्याकडे घरात वाळवण घालत नाहीत. पापड, सांडगे, कुरडया शेजारीपाजारी आणून देतात. त्यामुळे त्या उन्हाळ्यात आमच्या गच्चीवर पांढरं असं काही पसरलं नाही. काकूंनी आपल्या गच्चीवरचे पापड डबाभरून आणले. "एक काळा कण न्हाय यंदा," त्या म्हणाल्या. मी एक पापड उचलला, खिडकीशी नेला आणि उलटसुलट केला.

"पापड हाय सर," काकू म्हणाल्या. "नोट न्हवं, उजेडाला धरून बघाय."

कण नव्हता. पण उन्हाळ्यात वारा मावळतीचा असतो, म्हणून मी तो पुरावा धरला नाही. पापड तळून खाल्ला.

पावसाळ्याच्या तोंडाला चौकात एक फलक उभा राहिला. हवा कशी आहे ते त्यावर रंगात दिसतं. पावसाळाभर तो हिरवा होता. पावसाने धुतलेली हवा कुणालाही हिरवीच दाखवता येते. शिवाय त्याचं मोजायचं यंत्र कुठे आहे, हे मी विचारत फिरलो, तर ते झाडांनी वेढलेल्या एका कचेरीच्या आवारात निघालं. आमच्या गल्लीपासून ते लांब आहे.

हा सगळा संशय मी नुसता दुःखाने पोसत बसलो असतो तर माझ्यापुरता राहिला असता. पण तिकडे निपाणीत आक्का वाट बघत होती.

आक्का माझी मोठी बहीण. यजमान गेल्यावर शिवणकामावर राहिली. तिच्या दोन खोल्या तंबाखूच्या वखारीला लागून आहेत. वखारीत तंबाखू चाळतात तेव्हा धूळ भिंतीवरून येते, आणि एवढ्या वर्षांत ती आक्काच्या छातीत बसली आहे. तिथल्या डॉक्टरांनी तिला सांगितलं, आता इथून हला. हलायला जागा एकच, माझं घर. तिचा फोन आठवड्याला यायचा.

"मग कवा येऊ रं?"

"जरा थांब आक्का. इथली हवा खरंच सुधारलीय का ते बघतोय."

"कोण म्हणतंय सुधारली न्हाय म्हणून?"

"सगळे सुधारली म्हणतायत."

"मग?"

"म्हणूनच."

श्रावणात मी निपाणीला गेलो. संकेश्वरपर्यंत ऊस, मग पाऊस, मग स्टँडवर उतरल्याबरोबर तो वास, जो पावसानेही जात नाही. आक्काने वखारीकडच्या खिडकीला ओलं कापड लावलं होतं. कॉटखाली ट्रंक भरून ठेवलेली होती, कुलूप लावून.

"हवा हवा करतोयस," ती चहा ओतताना म्हणाली. "मी नको असलो तर तसं तोंडानं सांग. मी काय रुसणार न्हाय." थोडं थांबून म्हणाली, "रुसणार. पण दोनच दिवस."

मी तिला वारे समजावून सांगितले. उगवतीचा, मावळतीचा, झाकण बसतं ते. म्हणालो, खरी परीक्षा थंडीत. भट्टी पेटलेली हवी, वारा पडलेला हवा, आणि तरी फडकं पांढरं राहायला हवं. तोवर कुणाच्या शब्दावर मी तुला तिथे नेणार नाही.

तिने सगळं ऐकून घेतलं. "तू ल्हानपणापास्नं असाच. पतंग उडवायच्या आधी बोट वल्लं करून वारा बघत बसायचास. तवर बाकीच्यांचे वर जाऊन, कटून खाली यायचे."

"माझा पतंग कधी कटला नाही."

"उडालाच न्हाय, कटंल कसा?"

ती हसली आणि हसता हसता तिला खोकला लागला. दाराची चौकट धरून ती उभी राहिली. तो थांबेपर्यंत मी तिच्या शिवणयंत्राकडे, कॅलेंडरकडे, ट्रंकेकडे बघत राहिलो. तो खोकला मला माहीत होता. तो घशात सुरू होत नाही.

पदराने तोंड पुसून ती म्हणाली, "तुझी बायको धुरानं गेली का थंडीनं गेली, ते देवाला ठावं. ती गेली. आता मला हितं ठेवून तू कुणाला राखतोयस?"

परतीच्या बसमध्ये मी याचं उत्तर शोधत होतो. एकाच घरात दुसरा श्वास तसाच अडकताना ऐकायची माझी तयारी नव्हती, हे खरं उत्तर होतं. ते मी तिला दिलं नाही.

पितृपक्षात पाऊस थांबला. आकाश मोकळं झालं आणि सकाळी गारवा येऊ लागला. मग घट बसल्यानंतर काही सकाळी वारा पडला, आणि जो होता तो उगवतीचा. मी फडकं घेऊन गच्चीवर गेलो. आधी कान दिला. पंखा चालू होता. मग भट्टीच्या छपराच्या फटीतला लाल उजेड बघितला, म्हणजे भट्टी पेटलेली होती. वर बघितलं. समोरच्या घरातल्या बंबाचा धूर थोडा वर जाऊन आडवा होत होता, म्हणजे झाकण बसलेलं होतं. मग कठड्यावरून फडकं फिरवलं.

जवळजवळ पांढरं. मी दुसऱ्या बाजूचा कठडा पुसला. तोही तसाच. आज कमी लोखंड वितळवत असतील, असं म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा पुसला. तिसऱ्या दिवशी पुन्हा. संशयाला धरायला कुठे जागा राहिली नाही. अशा सकाळी थोड्याच मिळाल्या होत्या, त्या पुरेशा नाहीत, हे मला कळत होतं. पण कॉटखालची ट्रंकही डोळ्यांपुढे होती. मी आक्काला फोन केला. "दसऱ्यानंतर ये."

"नंतर कशाला? दसऱ्यालाच येतो. त्या दिवशी मुहूर्त बघाय लागत न्हाय."

खंडेनवमीला आमच्याकडचे कारखाने बंद असतात. हत्यारं, यंत्रं, गाड्या, सगळं धुऊन पुसून कुंकू लावतात, झेंडूच्या माळा घालतात, कोहळा फोडतात. त्या दिवशी दुपारी मी वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेलो. फाउंड्रीच्या अंगणात दोन खांबांमध्ये तारा बांधल्या होत्या आणि त्यांवर कापडाच्या लांब नळ्या ओळीने लटकत होत्या, माणसापेक्षा उंच, पायजम्याच्या पायांसारख्या. त्यांतून पाणी ठिबकत होतं. दोघे जण अजून पाइपने पाणी मारत होते आणि एकमेकांना भिजवत हसत होते. एवढं मोठं धुणं मी कधी बघितलं नव्हतं. स्वच्छता चालली आहे, हे बघून मला बरंच वाटलं. माझे कपडे घेऊन मी खाली आलो.

दसऱ्याला आक्का टेंपोतून आली. ट्रंक, शिवणयंत्र आणि आपट्याची पानं. जिना हळूहळू चढून ती गच्चीवर गेली आणि कठड्याला धरून उभी राहिली. भट्टी बंद होती, ऊन होतं, घाटाकडून थोडा वारा होता.

"ही हवा?" ती म्हणाली. "आणि हिच्यासाठी तू मला इतकं दिवस थांबवलंस?"

"आज भट्टी बंद आहे आक्का."

"तू स्वर्गात गेलास तरी दारात उभा ऱ्हाऊन वारा कुणीकडचा इचारशील."

मागची खोली मी तिच्यासाठी रिकामी केली होती. तिने शिवणयंत्र खिडकीशी लावून घेतलं.

भट्टी पुन्हा पेटली. पहिल्या सकाळी फडकं करडं निघालं. मला वाटलं, बंदनंतरची सुरुवात असेल. पुढच्या सकाळी काळं निघालं. त्यानंतर काळंच. पंख्याचा आवाज होता, पण तो बदलला होता. आधीची सरळ घूं जाऊन आता त्यात ओढ होती, काहीतरी अडल्यासारखी. आक्का पहाटे कॉटच्या कडेवर, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून बसू लागली. त्या घरात तसं बसलेलं माणूस मी आधी बघितलेलं आहे.

"तिथला खोकला वळखीचा तरी हुता," ती म्हणाली. चेष्टेत म्हणाली, पण हात पुन्हा गुडघ्यांवर टेकले.

मी खिडक्या बंद केल्या आणि विचार करत बसलो. पहिला विचार अर्थातच हा, की मला फसवलं. यंत्र नुसतं दाखवायला आहे, पंखा चालू ठेवतात आणि धूर बाजूने सोडतात. पण मग घटस्थापनेनंतरच्या त्या सकाळी? तेव्हाही भट्टी हीच होती. वारा हाच होता, झाकण हेच होतं. तेव्हा फडकं पांढरं आणि आता काळं. मध्ये काय झालं? मध्ये दसरा झाला. आणि मला तारांवरचं ते धुणं आठवलं, आणि त्यामागोमाग तिचा आवाज. अहो, पाणी लावू नका.

मी चप्पल घातली आणि फाउंड्रीत गेलो. इतकी वर्षं शेजारी राहून पहिल्यांदाच.

मॅनेजरांनी मला बसवलं. "सर, यंत्र चालू आहे. हा पंखा ऐका. कानांवर तरी विश्वास ठेवा."

"कानांवरच ठेवतोय. दसऱ्याआधी तो असा वाजत नव्हता. खंडेनवमीला तुम्ही त्या पिशव्या धुतल्या का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मेस्त्रींना बोलावलं. भट्टीचे मेस्त्री खानापूरकडचे, घरची शेती बघून इथे नोकरी करणारे. कपाळावर अजून कुंकवाचा माग होता.

"धुतल्या की," ते म्हणाले. "खंडेनवमीला सगळंच धुतो. मशिनी धुतल्या, साचे धुतले. मग ह्याच तेवढ्या मळक्या कशा ठेवायच्या देवापुढं? त्यो बसवणारा माणूस म्हणालता, आतनं हवेचा झोत बसतोय, तेवढ्यानं झटकत्यात म्हणून. पण नुसतं झटकून मळ जातोय व्हय?"

मॅनेजर टेबलाकडे बघत राहिले. मग मला सांगू लागले, कारण मेस्त्रींना सांगणं त्यांना जड जात असावं. पिशवीवर बसलेली धूळ कोरडी असेल तर झोताने पडते. ओली झाली की चिखल होतो, वाळला की कवच. पिशव्या थोड्या ओल्याच परत बसवल्या होत्या. आता त्यांतून हवा ओढली जात नाही. अशा वेळी यंत्र जळू नये म्हणून बाजूची झडप आपोआप उघडते आणि धूर सरळ वर जातो.

"म्हणजे इतके दिवस झडप उघडी आहे."

"मला कल्पना नव्हती सर."

त्यांना कल्पना नव्हती, यावर मी आजही पूर्ण विश्वास ठेवलेला नाही.

मेस्त्री मात्र मनापासून खजील झाले होते. "चुकलंच बघा," ते म्हणाले. "पर त्या यंत्राचं आम्ही पयल्यापास्नं लई केलंय सर. दिवाळीत आलतं ते. बसवणारा माणूस पौषात आला, म्हणाला उद्या क्रेन मागवू. मीच आडवा पडलो. म्हटलं, पौषात नवं काय बसवायचं न्हाय. माघ लागला की पयल्या सोमवारी..."

तिथे ते थांबले. तो सोमवार त्यांना आठवला असावा. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

बोलायला गेलो असतो तर कुणावर ओरडणार होतो? आमच्या घरातही एक पिशवी भरून कपाटाशी उभी होती, आणि तीही माघ लागायचीच वाट बघत होती.

मी विचारलं, "नवीन पिशव्या कधी येतील?"

"मागवतो. पण वेळ लागेल. आणि भट्टी बंद ठेवता येणार नाही, ऑर्डरी आहेत."

"बंद ठेवू नका. पण पहाटे पेटवू नका. ऊन चढलं, वारा हलला, की पेटवा. धूर तेवढाच असेल, पण तो वर जाईल. पहाटे तो आमच्या घरात येतो."

"कामगारांची पाळी बदलावी लागेल," ते म्हणाले. मग पहिल्यांदा त्यांच्या आवाजात थोडी धार आली. "आणि सर, पहाटे तुमच्या गल्लीतले बंबही पेटतात. आमच्या गेटवरून दिसतात. त्यांना कसला फिल्टर आहे?"

घरी येऊन मी हे आक्काला सांगितलं. खोकला आवरून ती म्हणाली, "बरोबर बोलला की बाबा. मग आपला बंब आजपास्नं बंद. दुपारी उन्हात पाणी ठेव. मला काय रोज पहाटे न्हाऊन कचेरीला जायचं न्हाय." काकूंना तिनेच जाऊन सांगितलं. काकूंनी आपला बंब उशिरा पेटवायला सुरुवात केली. बाकीची गल्ली तशीच राहिली.

फाउंड्रीने भट्टीची वेळ पुढे ढकलली. मी रोज सकाळी गच्चीवरून बघत होतो. एक-दोनदा पहाटेच धूर दिसला, मी फोन केला. "टेस्टिंग होतं सर," मॅनेजर म्हणाले. कसलं टेस्टिंग, ते मी विचारलं नाही, पण लक्षात ठेवलं. आक्का त्या दिवसांत फारशी बाहेर आली नाही. वाफ, औषध आणि बंद खिडकी. ट्रंकेचं कुलूप तिने अजून काढलं नव्हतं. मी ते बघत होतो आणि मी बघतोय हे ती बघत होती.

कार्तिक संपता संपता एका सकाळी मेस्त्रींनी फाउंड्रीच्या भिंतीपलीकडून हाक मारली. "सर! पिशव्या आल्या. आज अवस हाय, तरीबी बसवतोय बघा!"

मी गच्चीवरून हात केला.

त्यानंतर पंख्याचा आवाज सरळ झाला. फडक्याचा काळेपणा गेला, करडेपणा राहिला. तो बंबांचा असेल, रस्त्याचा असेल, कोपऱ्यावर कचरा पेटवतात त्याचा असेल. थोडा फाउंड्रीचाही असेल. आक्काचा खोकला कमी झाला. ती म्हणते, यंत्रामुळे. काकू म्हणतात, यंदा थंडीत वारा जास्त होता. दोघींचंही खरं असू शकतं, आणि किती कुणाचं ते मला काढता येत नाही. तेच यंत्र आधीच्या दिवाळीत बसलं असतं तर काय झालं असतं, हेही काढता येत नाही. वारा तेव्हाचा होता. तो परत आणून बघता येणार नाही.

माघात वर्षश्राद्ध झालं. त्या दिवशी मी कपाटाशी असलेली तिची पिशवी उघडली आणि आतले कपडे धुतले. आधी झटकले. गच्चीवर वाळत घातले.

आता आक्का मागच्या खोलीत राहते. तिची ट्रंक उघडी आहे. पहाटे तिची खिडकी बंद असते आणि ऊन चढल्यावर मी ती उघडतो. फडकं कठड्यावर दगडाखाली असतं. आज सकाळी ते करडं निघालं.